तळातला डबा

व्हर्लिन स्टोव्हॉलच्या मागच्या पडवीतल्या फ्रीझरमध्ये मे महिन्यापासून एकच डबा उरला होता, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आइस्क्रीम संपवून धुऊन ठेवलेला पांढरा डबा, झाकणावर कागदी चिकटपट्टी, पट्टीवर आयडेलाच्या हातची तारीख. आत चिली, म्हणजे खिम्याचा दाट तिखट रस्सा. आयडेला, त्याची बायको, फेब्रुवारीत गेली. सकाळी कॉफी ओतून खुर्चीत बसली ती उठलीच नाही. मागे असे अकरा डबे ठेवून गेली.

स्टोव्हॉलांकडे मंगळवारी संध्याकाळी चिली, हा नियम. खिमा, भाजून वाटलेल्या सुक्या लाल मिरच्या, लसूण, जिरं, शेवटी दाटपणाला मूठभर मक्याचं पीठ. वरून कच्चा कांदा आणि खारी बिस्किटं. सहाच्या ठोक्याला पातेलं टेबलावर. उरेल ते डब्यात. त्यामुळे ती गेल्यावरही दहा मंगळवार नवऱ्याला तिच्या हातचं मिळालं. दहावा डबा चाटूनपुसून संपवला तेव्हा कुठे म्हातारा भानावर आला. आता एकच. तो संपला की आयडेलाच्या हातची चव कायमची गेली. तिने कृती कधी लिहिली नव्हती, आणि ह्याने कधी विचारली नव्हती. मग त्याने ठरवलं की हा डबा राखायचा, आपण स्वतः चिली शिकायची, आणि जमली असं वाटेल त्या दिवशी डबा उघडून चव ताडून पाहायची.

माणूस कसा होता तेही सांगितलं पाहिजे. चाळीस वर्षं त्याने आसपासच्या गुरांच्या कुरणांवरच्या पवनचक्क्या दुरुस्त केल्या. वारा सुटलेला असताना शिडीवर चढायला दुसरं कुणी धजावत नसे, हा चढे. कष्टाळू, शब्दाला पक्का, आणि हेकट तर असा की विचारू नका. आमच्या टेक्सासात चिलीत राजमा घालत नाहीत. राजमा वेगळा शिजवा, शेजारी वाढा, पण चिलीत घातलात की तुम्ही परके. बाकीचे लोक यावरून दोन विनोद करतात आणि गप्प जेवतात. व्हर्लिनने मात्र ते धर्मासारखं धरलं होतं.

आणि बायको आणली ती पार उत्तरेकडच्या नेब्रास्काची! तिकडे राजम्याशिवाय चिली होतच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात एकोणीस वर्षांच्या आयडेलाने सासऱ्याला आणि दिरांना जेवायला बोलावलं आणि आपल्या आईच्या पद्धतीची चिली केली. सोबत दालचिनीचे गोड पाव, कारण तिच्या शाळेत दुपारच्या जेवणाला हीच जोडी असायची. व्हर्लिनने चमचा ढवळला आणि म्हणाला, "हे काय गं? डुकरांचं चुकून आमच्या पानात आलं का?"

सासरा हसला, दीर हसले. आयडेलाही हसली. मग पातेलं उचलून आत गेली आणि एकेक दाणा चमच्याने वेचून काढला. पाव तर कुणी हातात घेतलेच नाहीत. त्यानंतर त्या घरात चिलीत राजमा पडला नाही. व्हर्लिनने मात्र ही गोष्ट शेहेचाळीस वर्षं सांगितली. गावच्या आगीच्या बंबखान्यात, लग्नांत, मयताच्या जेवणातसुद्धा. "अख्खं पातेलं वेचलंन, लोकहो!" असं म्हणून मांडीवर थाप मारायचा. आयडेला शेजारी बसून दर वेळी हसायची. एखादी गोष्ट माणूस किती वेळा हसून साजरी करू शकतं, हे तिलाच ठाऊक.

तर मे महिन्यापासून व्हर्लिन शिकायला लागला. पहिल्या मंगळवारी मिरच्या करपल्या. दुसऱ्या मंगळवारी जिरं इतकं पडलं की घराला आठवडाभर वास. तिसऱ्यांदा मक्याचं पीठ थेट टाकलं आणि त्याच्या गुठळ्या झाल्या. शेजारचा हॉइट, बंबखान्याचा म्होरक्या आणि ह्याचा लहानपणापासूनचा सोबती, दर मंगळवारी चव बघायला यायचा.

"व्हर्लिन, लेका, ही पंपावर ओत. गंज निघेल."

"खायची तर खा, नाहीतर घरी जा."

"खातोय की. मेलो तर माझा ट्रक तुला."

रविवारी मुलीचा, नेल्डाचा, लबकहून फोन यायचा. ती सांगायची, "डॅडी, मिरच्या नुसत्या फुगेपर्यंत भाजायच्या. वास आला की लगेच काढायच्या. आणि पीठ आधी पाण्यात कालवून घ्या." मग हळूच म्हणायची, "तो डबा खाऊन टाका ना. किती दिवस ठेवणार? बर्फ धरेल त्याला."

"माझं मी बघतो."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी हॉइटने टोमणा न मारता दोन चमचे खाल्ले. तिसरा खाल्ला. मग म्हणाला, "जवळ आलायस रे." हॉइट गंभीर झाला म्हणजे खरंच जवळ आलं असणार. पुढच्या मंगळवारी डबा उघडायचा, असं ठरलं.

त्या दिवशी त्याने हॉइटला येऊ दिलं नाही. सकाळी फ्रीझरच्या तळातून, हरणाच्या मांसाच्या पुड्यांखालून, डबा काढला आणि मोरीत ठेवला. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. चार वाजता आपली चिली रांधली. साडेपाचला डबा लहान पातेल्यात उपडा केला आणि मंद आचेवर ठेवला. बर्फ सुटत गेला, तसा तोच वास स्वयंपाकघरभर झाला. म्हातारा डोळे मिटून उभा राहिला. मग डाव घालून ढवळलं, तर डावात राजमा आला.

त्याला वाटलं, चुकून पडला असेल. पुन्हा ढवळलं. पातेलं राजम्याने भरलेलं होतं.

आधी त्याला राग आला, खोटं कशाला सांगा. शेजारणीने दिलेला डबा असेल म्हणून झाकण उचलून पाहिलं. अक्षर आयडेलाचंच. चार नोव्हेंबर. मागच्या वर्षीची. नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे हरणांच्या शिकारीचा, आणि त्या आठवड्यात व्हर्लिन आणि हॉइट दर वर्षी रानात मुक्कामाला असायचे, एकही वर्ष न चुकता. मागच्या वर्षी मात्र गुडघा मुरगळला म्हणून तो दोन दिवस आधीच परत आला होता. दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी थंडीत सताड उघडी होती, आणि आयडेला लगबगीने ओटा पुसत होती. "काय खात होतीस?" असं त्याने विचारलं होतं. "काही नाही, असंच उरलंसुरलं," ती म्हणाली, आणि त्याच्या गुडघ्याला बर्फ आणायला पडवीत गेली. पडवीत, फ्रीझरकडे.

मंगळवार असूनही त्याने नेल्डाला फोन लावला.

"डॅडी? बरे आहात ना?"

"तुझी आई चिलीत राजमा घालायची का?"

नेल्डा म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डब्याने."

"तुम्ही रानात गेलात की करायची. दर वर्षी. मी लहान असल्यापासून. दालचिनीचे पावही करायची. आम्ही दोघी जमिनीवर बसून खायचो, तिच्या शाळेत असल्यासारख्या. आमचा सण होता तो, डॅडी." "मी लग्न होऊन गेल्यावर ती एकटीच करायची. फोनवर सांगायची मला, आज केली म्हणून."

"मला कधी बोलला नाहीत दोघी. मी काय मारणार होतो?"

"नाही हो. ती म्हणायची, डॅडीला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. इतकी वर्षं ती गोष्ट सांगतोय, लोक हसतात, त्याला बरं वाटतं."

व्हर्लिनने फोन ठेवला. त्याला म्हणायचं होतं की मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण विचारलंच नव्हतं, ना राजम्याचं, ना पावांचं, ना नेब्रास्काचं. शेहेचाळीस वर्षं एका ताटासमोर बसून बाईला काय आवडतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक झालं तर ती नव्हती.

त्याने ताडून पाहायला केलेली आपली चिली बाजूला सारली. लहान पातेल्यातली वाढून घेतली, टेबलाशी बसला आणि खाल्ली. राजमा मऊ शिजलेला, मिरची आत मुरलेली. "चांगली झालीय," तो मोठ्याने म्हणाला. समोरच्या खुर्चीकडे बघून पुन्हा म्हणाला, "चांगली झालीय गं." मग चमचा खाली ठेवला आणि हुंदके देऊन रडला. मयताच्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

शिकारीच्या आदल्या शुक्रवारी बंबखान्यात गावजेवण असतं. जो तो आपापली चिली घेऊन येतो. व्हर्लिनने मोठं पातेलं आणून टेबलावर ठेवलं. हॉइटने झाकण उचललं आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडला, "देवा रे! राजमा! अरे, म्हातारा खुळावला! आयडेला असती तर पुन्हा वेचत बसली असती!"

लोक खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "सांग ना ती गोष्ट, व्हर्लिन." सगळे मांडीवरच्या थापेची वाट बघू लागले.

"ही तिचीच आहे," व्हर्लिन म्हणाला. "वेचून काढलेली माझी होती."

हसू विझायला थोडा वेळ लागला. हॉइटने त्याच्याकडे पाहिलं, मग आपलं वाडगं पुढे केलं. तो एकटाच. बाकीच्यांनी आपापल्या पातेल्यांतलं घेतलं, आमच्याकडचे लोक तसे चिवट. हॉइटने पहाटे निघायचं विचारलं, तर व्हर्लिन म्हणाला, "यंदा तू जा. मला घरी काम आहे."

पातेलं जवळजवळ भरलेलंच घरी आलं. त्याचे पाच डबे झाले. प्रत्येकावर पट्टी लावून त्याने आपल्या वाकड्या अक्षरात तारीख घातली, हरणाच्या मांसाच्या पुड्या उपसून तळाला दडपल्या, आणि डबे सगळ्यांत वर ठेवले.