आयुधपूजेची लिंबं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या कानडी अण्णांसमोर मेकॅनिकचं नाव काढायची सोय नव्हती. "त्याला काय कळतंय? स्वल्प थांब, मी बघतो," म्हणत ते लगेच बाह्या दुमडायचे. त्यांच्या नव्या गाडीचा, इंजिन कुठवर फिरलं ते ओळखणारा सेन्सर बिघडला, तर तोही त्यांनी शिवाजीनगरच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आणून अंगणातच बदलला. जुना सेन्सर दिवसभर सगळ्या बिल्डिंगला दाखवत फिरले.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, पुढे रांगोळ्या काढल्या, चाकांपुढे लिंबं ठेवली. एकेक गाडी लिंबं चिरडत पुढे सरकली. अण्णांची मात्र नुसती घरघरत राहिली. ते पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होते. शेवटी कुणीतरी विचारलं, "ढकलू या का, अण्णा?"

"नको, नको. संध्याकाळी काढतो मी, सरी? ठीक आहे?" म्हणाले आणि काच वर करून आतच बसून राहिले. माणसं पांगेपर्यंत उतरले नाहीत.

सकाळी मी दूध आणायला खाली आलो, तर त्यांची लिंबं चिरडलेली. अण्णा गाडी पुसत होते.

"सुरू झाली वाटतं?" मला मेल्याला विचारायचं काय नडलं होतं!

"मग! एक चक्कर मारून आलो."

गाडीपुढची रांगोळी जशीच्या तशी होती. नको तेव्हा माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. चपलेच्या टाचेला लिंबाची साल चिकटली होती. अण्णांनी हळूच पाय मागे घेतला, आणि कान माझे तापले.