डाळ शिजली म्हणून

आमचं गाव वणीकडचं, चुनखडीच्या दगडावर वसलेलं. विहिरींचं पाणी दिसायला काचेसारखं, पण साबणाला फेस नाही, पातेल्यांना आतून पांढरा थर आणि तूरडाळ दोन तास उकळली तरी दाणा वेगळा. नवी विहीर लागली की पहिली कळशी माझ्या आईकडे यायची. डाळ शिजली तर पाणी माणसांना, नाहीतर गुरांना.

खराडीत फ्लॅट घेतला तेव्हा आजूबाजूला आयटी पार्क उभे राहत होते आणि महानगरपालिकेची पाइपलाइन ‘येणार’ होती. उन्हाळ्यात आमचा बोअर आटला. जुना टँकरवाला पाहिजे तेव्हा यायचा नाही, म्हणून कमिटीने नवा शोधला. पाण्यातलं मला कळतं असा माझा लौकिक होता. पसंतीचं काम माझ्याकडे आलं.

“नमुना तपासायला द्यायचा का?” कुणीतरी विचारलं.

“चार दिवस लागतील. तोवर आंघोळ कशाने करणार?” मी म्हणाले.

कुकर न लावता पातेल्यात डाळ टाकली. पाऊण तासात एकजीव झाली. साबणाला भरपूर फेस आला. मी पार्किंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, “पाणी चांगलं आहे. बिनधास्त घ्या.”

चौथ्या मजल्यावर एक सॉफ्टवेअरमधलं जोडपं राहायचं. बायकोला सहावा महिना होता. ती पिण्यासाठी पाण्याचे जार विकत आणायची. तिने जिन्यात विचारलं, “काकू, जार बंद करू का? उचलायला जड जातात.”

“कर बंद. साधा फिल्टर आहे ना? पुरे.”

महिनाभरात वॉचमन पिवळा पडला. मग तळमजल्यावरचा कॉलेजचा मुलगा. त्याच्या आईबरोबर मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पाण्याची चौकशी केली आणि मग विचारलं, “बिल्डिंगमध्ये कुणी गरोदर आहे का? असेल तर तिला आधी सांगा. गरोदर बाईच्या जिवावर ही कावीळ बेतू शकते.”

मी सरळ चौथ्या मजल्यावर जायला हवं होतं. गेले नाही. गेटपाशी टँकर रिकामा होऊन निघत होता. आपलं चुकलेलं नाही हे आधी बघून घ्यावं, म्हणून मी ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि म्हटलं, “भरता कुठे ते दाखवा.”

“काकू, गोड पाणी हाय. नारळपाणी म्हना की!” तो हसत होता.

विहीर नदीच्या बाजूला, शेतात. बांधलेली, स्वच्छ, वर जाळी. आणि वीसेक पावलांवर गटाराचा नाला, चांगला सहा फूट रुंद. त्याच्या वासाने मी पदर नाकाला लावला.

“हा इतका जवळ?”

“नाल्याचं येगळं, हिरीचं येगळं. मधी जमीन हाय न्हवं?”

काठावर वाकून बघितलं. विहिरीतलं पाणी आणि नाल्यातलं पाणी जवळपास एकाच पातळीला होतं. नाल्याच्या बाजूच्या भिंतीतून एक बारीक धार आत पडत होती.

गावाकडे विहिरीच्या वरच्या अंगाला कुणी संडास बांधत नसे, मेलेलं जनावर पुरत नसे. आमचा दगड पोकळ, त्यात वर टाकलेलं दोन दिवसांत खाली येतं, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. डाळ माझ्या लक्षात राहिली आणि हे विसरले. इथला दगड काळा, घट्ट, म्हणून मी बघायलाच आले नव्हते. जड पाणी चुलीवर कळतं. मुरलेलं गटार कळणार नव्हतं.

परत येऊन आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि जिना चढले. ती गरोदर मुलगी दार उघडून उभी राहिली तेव्हा पहिल्यांदा तिचे डोळे बघितले. पांढरे होते. उजेडात ये म्हटलं, पुन्हा बघितले.

“काय झालं, काकू?”

“टँकरचं पाणी पिऊ नकोस. त्यात गटार मुरतंय. मी चांगलं म्हणाले होते, ते चुकलं.”

तिने बोटांवर आठवडे मोजले. “पाच आठवडे पितेय मी.”

“आत्ता रक्त तपासायला चल.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“सकाळी. आधी विहीर बघायला गेले होते.”

“सकाळी,” ती म्हणाली आणि चपला घालायला वळली.

पार्किंगमध्ये माणसं जमली होती. त्यांनाही नाल्याचं सांगितलं. पोस्टातून निवृत्त झालेले कमिटीचे सेक्रेटरी मला म्हणाले, “म्हणजे आपण प्रमाणपत्र डाळीला दिलं होतं, मॅडम. आम्ही उगाच पाण्याला समजलो.”

रिपोर्ट संध्याकाळी आला. दोष नव्हता. पण डॉक्टरांनी निश्चिंत होऊ दिलं नाही: ही कावीळ उशिरानेही वर येते, दर आठवड्याला तपासा. ती साताऱ्याला आईकडे गेली. मी दर सोमवारी फोन करायचे. तिसऱ्या सोमवारपासून फोन तिची आई घ्यायला लागली. “ठीक आहे,” एवढं सांगून ठेवून द्यायची.

तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिचा नवरा सगळ्या मजल्यांवर पेढे वाटत आमच्याही दारात आला. ती कधी येणार, म्हणून मी विचारलं.

“इथे नाही येणार म्हणते, काकू,” तो खाली बघत म्हणाला. “फ्लॅट विकायला काढलाय.”