काकीची वीत

आमच्या लालबागच्या चाळीत बायका पुष्कळ, पण हात म्हणावा असा हात एकीचाच. वीतकाकीचा. पंजा एवढा रुंद की तिनं पाठीवर शाबासकी दिली तर हातातल्या कपातला चहा बशीत यायचा. तिचं खरं नाव आता मलाही पटकन आठवत नाही. बाजारातल्या कोळणींनी तिला वीतकाकी केलं, चाळीनं ते उचललं, आणि शेवटी तिचा नवराही तेच म्हणायला लागला.

नाव पडलं ते पापलेटापायी. काकी त्याला सरंगा म्हणायची. आपण मासा घेताना आधी कल्ले बघतो, पोट दाबतो. काकी आधी वीत ठेवायची. अंगठा तोंडाशी, करंगळी शेपटीशी. मासा वितीबाहेर गेला तर घासाघीस सुरू. आत राहिला तर काकी उठलीच.

"ह्यो अजून बालवाडीत आसा," म्हणायची.

कोळीण हसायची. "काकी, मेलाय तो. आता कुठल्या शाळेत घालू?"

"ह्यो मेलो गो, पण ह्येचो धाकलो भाव अजून दर्यात आसा. आज ह्येका कोणी घेतल्यान नाय, तर उद्या त्येका सोडतले."

असं भर बाजारात, मोठ्यानं. शेजारची गिऱ्हाइकं हातातलं पापलेट हळूच खाली ठेवायची. कोळणी शिव्या घालायच्या, आणि काकी आली नाही की विचारायच्याही, "वीतकाकी बरी आहे ना गं?"

काकी देवगडकडची, बापाची होडी होती. तिच्या लहानपणी म्हणे सरंगा ताटात मावत नसे. डोकं ह्या काठाबाहेर, शेपटी त्या काठाबाहेर, आणि भात वेगळ्या पानावर वाढावा लागे. "मगे तो दर वर्सा आत आत सरकत गेलो," ती सांगायची, तेव्हा मात्र तिचा आवाज खाली यायचा. एकच मागणं होतं बाईचं. सोनं नको, काशी नको. "माझ्या नातीच्या ताटात सरंगो मावता कामा नये."

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की काकीच्या घरी ओला मासा बंद. सोडे, सुकट, सुका बांगडा. कोणी म्हणालं, "काकी, बर्फातला मिळतो की!" तर म्हणायची, "माशांची बाळंतपणां चालली हत थंय. बाळंतिणीच्या खोलीत कोण शिरता?" नारळी पौर्णिमेला आम्ही दादरच्या चौपाटीवर जायचो. लोक पिशवीसकट नारळ सोडायचे. काकी लुगडं खोचून पाण्यात शिरायची, पिशवी काढायची, आणि ज्याची त्याच्या हातात परत द्यायची. ओल्या पिशव्या घेऊन सुटाबुटातली माणसं उभी! आम्हाला हसू आवरायचं नाही.

आता वैशालीची गोष्ट सांगते. वैशाली माझी मुलगी. गिरगावातल्या मुलाशी तिनं आपलं आपण जमवलेलं, आमच्याकडे उरलं होतं फक्त जेवण. पण मुलाची आई कडक. मोठ्या मुलाच्या वेळी एका घरी जेवून "सोलकढी पांचट आहे" एवढंच म्हणाली, आणि ते लग्न तिथंच बारगळलं. त्यामुळे वैशालीचा जीव टांगणीला, आणि माझा तिच्या वर.

चाळीत मानाचं जेवण असलं की रांधायला काकीच. बाजार आमच्या ह्यांनी केला. डबा उघडून दाखवला तो काय ऐटीत! "माणशी एक अख्खं पापलेट! ताटात कसं शोभेल!"

काकीनं एकेकावर हात ठेवला. मासा दिसेनासाच झाला.

"झिला, ह्यां पाळणाघर खंयसून उचलून आणलंस?"

"काकी, पाहुणे येतील हो आता. तळून टाका ना!"

"घरात खाल्लां तर पोटात जाता. पावण्यांक वाढलां काय ता मानाचां होता. मगे गिरगावातय ह्याच चालू होतला. तू खा एकट्यान." आणि पिशवी घेऊन ही बाई जिना उतरली.

परत आली ती मांदेली घेऊन. मांदेली! रोजच्या आमटीभाताबरोबरची बोटाएवढी मासळी, होणाऱ्या विहिणीच्या पानात! वैशालीला रडू फुटायचं बाकी. "काकी, लग्न मोडायचंय का माझं?"

"गप गो. मोडला तर तुका वीत लावून दुसरो नवरो आणीन."

पानं मांडली. विहीणबाईंनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे काय?"

मी काकीकडे बघितलं. काकी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मांदेली. ल्हान दिसतत, पण जाणती हत सगळी. घरात सरंगेय आसत, पण ते अजून शिकतत."

बाईंनी एक तोंडात टाकली, काट्यासकट. कुर्रकन आवाज झाला. मग दुसरी. मग पदर कमरेला खोचला हो! "मी पाहुणी म्हटलं की जो तो पापलेट पुढे करतो," म्हणाल्या. "माहेरी आम्ही भावंडं ह्यांच्यावर मारामाऱ्या करायचो. आणखी आहेत का?"

आणखी आणखी करत कढई रिकामी झाली. सोलकढीबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत, कारण ती प्यायला तोंड मोकळं नव्हतं. आणि आमचे हे पुढे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाळणाघर जेवत होते.

पुढे चाळ पाडायला काढली. काकी मुलाकडे अँटॉप हिलला गेली. जाताना माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "तुझो हात ल्हान गो. सांभाळून मोज." गेल्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना, काकीही गेली. तिच्या नातीला घट्ट जवळ घेतलं तेव्हा बघितलं, पंजा आजीचाच आहे.

आता गिरगावातून विहीणबाईंचा फोन येतो. "ऐकलंत का, आज बाजारात एकही बालवाडीतलं नव्हतं!" खरं की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे. मी स्वतः बाजारात वीत ठेवते आणि तिच्या पुढे आणखी दोन बोटं धरते. नवी कोळीण विचारते, "आजी, वीत झाली की! ही दोन बोटं कसली?"

"ती काकीची," मी सांगते.

गेल्या रविवारी त्या मापानं एक सरंगा मिळाला. काकीची नात जेवायला आली होती. ताटात ठेवला तर शेपटी काठावर टेकली. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. आमचे हे म्हणाले, "अगं, ताट लहान आहे ते."

म्हटलं, गप बसा आणि भात वेगळ्या पानावर घ्या.