व्याह्यांचा व्हायटल रोल

जगात बिनमहत्त्वाचं असं काही नसतंच, हे आमच्या मढ गावच्या व्याह्यांइतकं मनापासून मानणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि ते महत्त्व इंग्रजीतच सांगायचं, हा त्यांचा हट्ट. नातीच्या पुस्तकातून शब्दांची एकेक जोडी उतरवून घ्यायची आणि भातलावणीत, चिखलात वाकून पाठ करायची. "इहीणबाई, इंग्रजी शब्द एकटा चालत न्हाई," मला म्हणायचे. "रोल म्हणलं की शेजारी व्हायटलच जुंपायचा. बैलाच्या जोडीला कुणी रेडा लावतं का?" मग काय, माझ्या पिठल्यात लसणाचा व्हायटल रोल, नातीच्या नावाला डीप मीनिंग! बिबट्यानं कोंबडी नेली तेव्हा वनखात्याच्या माणसाला त्यांनी 'मॅटर ऑफ ग्रेट इम्पॉर्टन्स' असं ऐकवलं, तर त्या बिचाऱ्यानं उठून स्वतःची खुर्ची व्याह्यांना दिली. आमच्या मालकांना तर व्याही आल्याशिवाय जेवण गोड लागत नसे.

मागच्या वर्षी मालक गेले. आमच्याकडे दशक्रियेला घाटावर प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं होतात, माइकपुढे रांग लागते. व्याही पहिल्या एस.टी.नं आले, खिशात लिहिलेला कागद. पुण्याहून माझ्या भावाकडची शिकलेली मंडळी आलेली. मला वाटलं, हे आता इंग्रजी झाडणार आणि सगळे तोंडावर रुमाल धरणार. मी सुनेच्या कानात सांगितलं, बापाला म्हणावं, आज बोलू नका, हसं होईल. आणि हे सांगायला धाडलं कुणाला, तर त्यांच्याच लेकीला.

व्याही गुमान मागं जाऊन बसले. पुढारी एकामागून एक बोलले. एकानं तर मालकांचं नावही चुकवलं. पांगापांग झाल्यावर मी व्याह्यांकडे कागद मागितला. वर इंग्रजीच्या दोन ओळी आणि खाली मराठीत: 'लेकीचं लगीन लावून घरला निघालो, तवा नवरदेवाचा बाप असून हा माणूस माझ्यासंगं मढपर्यंत आला.'

हे मला मालकांनी कधी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, चुकलं माझं, वर्षश्राद्धाला तुम्हीच बोला.

"ऱ्हाऊ द्या आता," ते म्हणाले. "मला वाईट न्हाई वाटलं. पोरगी सांगताना रडली, त्येवढं वाईट वाटलं."

अजूनही येतात. बाजारात, एस.टी.त त्यांचं इंग्रजी चालूच असतं म्हणे. माझ्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की मात्र साधं, मोजकं मराठी. आमच्या घरचे म्हणतात, व्याही सुधारले. मी चहा पुढं करते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहते, एखादी तरी जोडी निसटेल म्हणून. ते "बरा झालाय" म्हणतात आणि कप खाली ठेवतात.