म्हातारी म्हणाली, हे ते न्हाईत

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. वाळूजच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटी विभागात मापं घेतली. जे मोजता येत नाही त्यावर मी मत देत नाही. म्हणूनच हे लिहावं की नाही, यात बरेच महिने गेले... पण जे झालं ते माझ्यासमोर झालं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं हट्ट धरला — "बाबा, आईला घेऊन एकदा वाइनरीला जा. दोन दिवस राहा, चव घ्या." आम्ही दोघंही न पिणारे. तरी मी कागद घेतला. दिंडोरी, नारायणगाव आणि अकलूज असे तीन भाग. अंतर, रस्ता, खोली, निवांतपणा अशा चार गोष्टींना दहा-दहा मार्क. दिंडोरीला एकतीस, नारायणगावला सव्वीस, अकलूजला बावीस. प्रश्न मिटला होता.

शोभा मेथी निवडता निवडता उठून आली आणि ओलं बोट नारायणगाववर ठेवलं. "इथं जाऊ."

"का?"

"चढ आहे तिथं. वर गेलं की वारा लागतो."

"तुला काय माहीत?"

"वाटलं तसं. आता वाटण्यालाही मार्क देणार का?"

फेब्रुवारीतला शनिवार होता. नगर, आळेफाटा करत सव्वादोनशे किलोमीटर, सकाळी अकराला पोचलो. जागा लहानशी, डोंगराच्या पायथ्याला. माहिती देणाऱ्या मुलीनं पेल्यात थोडी वाइन ओतली आणि म्हणाली, "आधी वास घ्या, काकू." शोभानं हुंगलं. "आंबलेलं ताक!" सगळे हसले. मग ती मुलगी आम्हाला बागेत घेऊन गेली. चढ होता. वर वारा होता. इथवर मी योगायोग धरला.

द्राक्षं तोडणाऱ्या बायांमधली एक म्हातारी, सत्तरीची असेल, कात्री घेऊन उभी राहिली आणि थेट शोभाला म्हणाली, "आलीस व्हय गं? लई दिवस लावलेस."

आणि शोभानं विचारलं, "पाय कसा आहे, मावशी?"

म्हातारीनं लुगडं जरा वर धरलं. घोट्याच्या वर वीतभर जुना व्रण. "तू पदर फाडून बांधलास, तवा रगत थांबलं." मग तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे ते न्हाईत."

"कोण ते?" मी विचारलं.

"हिच्यासंगं आलेले. आमच्याकडल्या गाड्या बंद, म्हणून चालत आलो, म्हणाले दोघं. लई हसवायचे हिला."

"किती वर्षं झाली?"

"माझा नातू झाला त्या साली. त्याला पंचविसावं लागलंय. तवा बाग नव्हती, नुसतं माळरान."

मी शोभाकडे पाहिलं. ती हसत होती, पण माझ्याकडे बघून नाही. पंचवीस वर्षांत ते हसू मी घरात पाहिलेलं नाही.

खोलीत आल्यावर मी विचारलं, "कोण होता तो?"

"अहो, मी त्या बाईला ओळखत पण नाही."

"मग पायाचं कसं विचारलंस?"

"तोंडातून आलं." मग म्हणाली, "पण खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही."

आमच्या संसारातले अकराच दिवस असे आहेत ज्यांचा मला पत्ता नाही. लग्नाचं पहिलंच वर्ष. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा जोरात होता. मोर्चात आमच्याही घरची माणसं होती, त्यामुळे बंदबद्दल तक्रार नव्हती. शोभा माहेरी करमाडला आणि मी बजाजनगरच्या खोलीत. एसटी बंद, मग कर्फ्यू, मग कंपनीत माणसं कमी म्हणून सुट्टी नाही.

त्या रात्री झोप आली नाही. हिशेब केला. करमाडहून तिथं दोनशे पंचेचाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन चारशे नव्वद. अकरा दिवसांत रोज साडेचव्वेचाळीस किलोमीटर चालायचं... आणि तेही हसत.

घरी आल्यावर मेहुण्याला फोन केला. तो खो-खो हसला. "दाजी, या वयात हे काय काढलं? त्याच दिवसांत आमची पोर झाली. ताई एक दिवस बाळंतिणीजवळून हलली नाय. विचारा गावात कुणालाबी!"

करमाडला जाऊन विचारलंही. लाज सोडून दोन शेजारणींना विचारलं. दोघी तेच म्हणाल्या.

म्हणजे ती गेलेली नाही. तरी तो व्रण खरा आहे, शोभानं विचारलेला प्रश्न खरा आहे. म्हातारीची चूक म्हणावी तर शोभाला पाय कसा ठाऊक? मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा.

ही चौकशी मी शोभाला सांगितली नाही, पण तिला कळलंय. एकदा ताट वाढताना म्हणाली, "म्हातारीला तरी दिसत नसेल. तुम्हाला दिसतंय ना, मी इथंच आहे ते?" दिसतं. पण स्वयंपाक करताना ती कधी आपल्याशीच हसते, तेव्हा मी बाहेरच्या खोलीतून उठून बघायला जातो.

गेल्या महिन्यात तिनं विचारलं, "पुन्हा तिकडं जायचं का हो?"

मी सांगितलं, फोन केला होता, खोल्या शिल्लक नाहीत.

मी फोन केलाच नव्हता.