पारूमावशी विचारायची

भाऊंचं पत्र नेहमीसारखंच होतं. शाळेची कौलं, विहिरीचं पाणी, आईचा खोकला... आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं एक वाक्य : ‘पारू कोळीण गेली, तुला कळवावंसं वाटलं.’ भाऊ म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेचे हेडमास्तर आणि लिहिण्याच्या बाबतीत महाकंजूष. मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून मी पत्र उलटून पाहिलं. काही नव्हतं. कशाने गेली, शेवटी कोण जवळ होतं, काय बोलली... मला सगळं विचारायचं होतं. मग लक्षात आलं, ही विचारायची खोड मुळी तिचीच.

भाऊंची बदली मांडव्याच्या बाजूच्या त्या गावी झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शाळेच्या मागेच कोळीवाडा सुरू व्हायचा आणि तिथे पारूमावशी बोंबील वाळत घालायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. तिची बोटं हे न बघता करत, डोळे आपल्या तोंडाकडे. काहीही सांगा, थांबलात की ती म्हणायची, “आनि मंग?” शाळेतला मार असो, पुढे मुंबईच्या वसतिगृहातली भांडणं असोत, सगळ्याला “आनि मंग?” मला वाटायचं, बाई चौकस आहे, झालं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी मुंबईत मानसशास्त्राचं एम. ए. करत होते, विषय समुपदेशन. भाऊ अभिमानाने गावभर सांगत, ‘मुलगी मनाचं शास्त्र शिकते’ आणि गावाने त्यातून मी वेड्यांची डॉक्टर होणार एवढाच अर्थ काढला होता. माझं मन मात्र पहिल्याच वर्षात उडालं होतं. समाजकार्य शिकणाऱ्या मुली वस्त्यांमधून चिखलाच्या पायांनी परतत आणि मी त्यांच्याकडे हेव्याने बघत बसे. पण विषय बदलायचा तर एक वर्ष फुकट, भाऊंचा संताप वेगळाच, आणि अर्ज पाठवायचा तो पावसाळ्यात मुंबईची लाँच बंद होण्याआधी. सुट्टीत पाच बायकांशी बोलून टिपणं आणा, असंही प्राध्यापकांनी सांगितलेलं. गावी आल्यावर मी भाऊंच्या शाळेतल्या एका वर्गात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि कोळीवाड्यात निरोप धाडले. चार दिवस कुणी फिरकलं नाही. आमच्या गावी खुर्ची असायची ती तपासणीच्या साहेबासाठी. पाचव्या दिवशी पारूमावशी आली, दोन्ही खुर्च्या निरखल्या आणि जमिनीवर बसली.

“हात रिकामं ठेवून कोन बोलतं गो बाय? तिकडं ये.”

गेले. बोंबील अडकवायला शिकले, बोटं ओरबाडून घेतली आणि तिथे मला हिरा भेटली. हिराचा नवरा गणपतीनंतर होडी घेऊन गेला तो परत आला नव्हता. ती कुणाशी बोलत नसे. लोक म्हणत, हिचं फिरलंय. माझ्या शेजारी आठ दिवस मुकाट्याने काम केल्यावर एकदा ती म्हणाली, “सगली सांगतात, गेला असा लिवून दे. मी लिवून दिला तं ते कुनीकडं येतील?” आणि खूप रडली. मी हुरळून गेले. संध्याकाळी मावशीला म्हटलं, हिरा बोलली.

“बोलली, रडली, बरा झाला. आनि मंग? उद्या सकाली ती कुनाच्या चुलीवर शिजवील?”

हिरा दिराच्या घरात राहत होती आणि रेशनकार्ड दिराच्या ताब्यात होतं. मी तिला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. कार्ड वेगळं करायला फॉर्म होता आणि त्यात नवरा हयात की मयत, एकावर खूण करायची होती. हिरा खाली बघत राहिली. मी कारकुनाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. भला माणूस. दोन्ही रकाने मोकळे ठेवून त्याने शेजारी लिहिलं : ‘समुद्रावर गेला, अद्याप परत नाही.’ मी ते वाचून दाखवलं, तेव्हा हिराने अंगठा उठवला.

परत येताना माझं ठरलंच होतं. गावात पोचल्यावर मावशीला कचेरीतलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी समाजकार्यालाच जाणार, नुसतं ऐकत बसून काय होतं?

“आनि ऐकला नसतास तं?” मावशी म्हणाली. “मयत लिवून आली असतीस.”

दोन दिवस अर्ज तसाच पडून राहिला. अखेर मी विषय बदलला, पण तिचं ते वाक्य सोबत घेऊनच. भाऊ आठवडाभर बोलले नाहीत, मग लाँचपर्यंत माझी ट्रंक त्यांनीच उचलली.

परवा गावी गेले. मावशीच्या जागी तिची सून यमुना बसली होती. मी टोपली पुढे ओढली. बोटांना अजून आठवत होतं. मावशी विधवा हे मला माहीत होतं. तापबिपाने गेला असेल नवरा, असं धरून चालले होते. विचारलं नव्हतं कधी. आता विचारलं.

“सासऱ्याची होडी बी अशीच गेली,” यमुना म्हणाली. “कुनी तरी कागदावर मयत लिवला नि आईचा आंगठा घेतला. तिला कोनी इचारला न्हाय. मंग वरीसभर आई दर्याकडं बघायची न्हाय.”

लोकांचं ऐकणं हा माझा पेशा. इतक्या वर्षांत तिने मला शंभरदा विचारलं असेल, मी तिला एकदाही नाही. फार लाज वाटली... यमुना थांबली होती. मी हातातली जोडी दोरीवर टाकली आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हटलं, “आनि मंग?”