मासोळ्यांची माता

निंबाच्या ओल्या पाल्याचा वास आला की माह्या छातीत अजून धस्स होते. नात मामाकडे अचलपूरले गेली होती अन् तिच्या काचेच्या पेटीतल्या पाच मासोळ्या माह्या भरोशावर होत्या. तिले खूश करायले मी जठारपेठेतल्या दुकानातून एक नवी आणली. दुकानदार म्हणे, "बाबा, पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात ठेवा." मी कोणाचं ऐकतो! सरळ पेटीत सोडली. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर पांढरे बारीक दाणे दिसले. कांजण्यांची माता आली समजून मी रीतीप्रमाणं पाण्यात निंबाचा पाला टाकला, दवा करू दिली नाही अन् घरातली फोडणीही बंद केली. मासोळ्या दगडाले अंग घासत, वर येऊन तोंड वासत. नातीची काळी मासोळी मरून उलटी तरंगली तेव्हा सून बोललीच, "मामाजी, माता माणसाले येते, मासोळीले नाई! हे जंतू आहेत. फोडणी काहून बंद करता?" तिनं दुकानदाराले विचारून पाला काढला, तळचा गाळ उपसला, हीटर लावला, खडेमीठ विरघळवून थोडं थोडं घातलं. दाणे गेले, तरी जंतू तळाशी वाढतात म्हणून ती रोज गाळ काढत राहिली अन् मी नातीच्या येण्याची धास्ती घेऊन बसलो. नातीनं आल्या आल्या विचारलं, "आबा, माही काळी कुठं गेली?" सून म्हणाली, "बिमार पडली होती बाई. बाकीच्या आबानं वाचवल्या." मी मान डोलावली. आता नव्या मासोळीची बादली पंधरा दिवस माह्या खाटेजवळ असते. सुनेलेही हात लावू देत नाही.